आधी स्वतःच्या दंडात सुई

मायक्रोबायोलॉजी घेतली की इम्युनोलॉजीच्या सुरुवातीच्या तासांमध्येच एक नोट पाठ होते. मारलेले किंवा कमजोर केलेले जंतू शरीरात टोचले, की शरीर त्यांना ओळखायला शिकतं आणि खरा हल्ला झाला की तयार असतं. ॲक्टिव्ह इम्युनिटी, संपला विषय! पण हे मुंबईत स्वतःच्या अंगावर करून पाहणारा एक माणूस होता. वाल्डेमार हाफकिन. परळची हाफकिन संस्था सगळ्यांना माहितीये, हाफकिन कोण ते फार कमी जणांना.

जन्म १८६०, ओडेसा, तेव्हाच्या रशियन साम्राज्यात. घर ज्यू. विद्यापीठात शिकवायला होते मेचनिकॉफ, म्हणजे पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे सांगणारे, पुढे १९०८ चं नोबेल मिळवणारे. शहरात ज्यूंविरुद्ध दंगल उसळली तेव्हा हाफकिन वस्ती वाचवायला उभे राहिले आणि तुरुंगात गेले. सोडवायला मेचनिकॉफच धावले. पुढे १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जागा मिळाली तीही लायब्ररीत! पण उरलेल्या वेळात हा लायब्ररीवाला कॉलऱ्याची लस बनवत होता. जुलै १८९२ मध्ये त्यांनी ती आधी स्वतःला टोचली. पुढच्या वर्षी ते कोलकात्याला आले आणि हजारो लोकांना ती दिली.

१८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग सापडला. सरकारने हाफकिनना बोलावून घेतलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळालं काय, तर एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर त्यांनी काही महिन्यांत लस उभी केली. मटणाच्या सुपासारख्या द्रवात प्लेगचे जंतू वाढवायचे, वर तुपाचे थेंब सोडायचे. हो, आपलं साजूक तूप! त्या तरंगत्या तुपाला धरून जंतूंच्या वाढीच्या झुंबरासारख्या लडी खाली लोंबायच्या. मग तापवून सगळे जंतू मारायचे. झाली लस.

१० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती स्वतःला टोचली, तीही १० मिली. नंतर लोकांना देत त्यापेक्षा हा डोस बराच मोठा होता. ताप आला, अंग दुखलं, ते काम करत राहिले. मग भायखळा तुरुंगातल्या तयार झालेल्या कैद्यांवर चाचणी. लस न घेतलेल्यांमध्ये प्लेग कितीतरी जास्त निघाला.

शाळेच्या इतिहासात १८९७ चा प्लेग म्हणजे रँड आणि चाफेकर. ते खरंच आहे. घराघरात घुसून झडत्या घेणाऱ्या सरकारवर लोकांनी भरवसा ठेवायचा तरी कसा? त्याच सरकारच्या सुईला दंड पुढे करायला लावणं सोपं नव्हतं. आगाखानांनी स्वतः लस टोचून घेतली, त्याने मोठी मदत झाली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात गेली.

आणि मग ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल गाव. पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस दिली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले, सगळे एकाच बाटलीतले. चौकशीचं बोट थेट मुंबईच्या प्रयोगशाळेकडे गेलं, कारण हाफकिननी लस भराभर बनवण्यासाठी पद्धत बदलली होती आणि त्यात कार्बोलिक ॲसिड घालणं थांबवलं होतं. त्यांचं पद गेलं. १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले.

पण बाकीच्या ८८ जणांना काहीच का झालं नाही? गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता त्यानेच बूच ओढलं गेलं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आज बारावीचं पोरही सांगेल. बाटली उघडली तेव्हा तिला वासही आला नव्हता, म्हणजे घाण आधीपासून आत नव्हती. हे सगळं नोंदीत असूनही वर्षं गेली. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि आणखी नऊ शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये जाहीर पत्र लिहिलं, तेव्हा कुठे त्यांच्यावरचा ठपका पुसला गेला.

हाफकिन परत आले, पण मुंबईची प्रयोगशाळा पुन्हा त्यांच्या हाती आली नाही. कोलकात्यात काही वर्षं काढून ते निवृत्त झाले. परळच्या संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं १९२५ मध्ये. तेव्हा ते युरोपात होते. १९३० मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये ते वारले.