मौनाचा सराव

अमेरिकेत वसंत ऋतू आधी बेसबॉलच्या मैदानावर उतरतो आणि मग झाडांवर. फेब्रुवारीच्या मध्यावर, उत्तरेकडची शहरं अजून बर्फाखाली असतानाच, मोठ्या लीगचे तीसही संघ उबेच्या शोधात निघतात. निम्मे फ्लोरिडात तळ ठोकतात, निम्मे ॲरिझोनात. मार्चअखेरपर्यंत चालणाऱ्या या सरावाला तिथं ‘स्प्रिंग ट्रेनिंग’ म्हणतात. फ्लोरिडातल्या सराव सामन्यांना तिथल्या बागांतल्या फळावरून ‘ग्रेपफ्रूट लीग’ असं लाडाचं नावही पडलं आहे. या सामन्यांतली हारजीत कुठल्याही गुणतक्त्यात धरली जात नाही. तरीही माणसं रजा टाकून, मुलाबाळांना घेऊन, शेकडो मैलांवरून ते पाहायला येतात.

असल्या बिनहिशेबी सामन्यांतला एक सामना मात्र अमेरिकेच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला. तो १७ मार्च १९४६ रोजी फ्लोरिडातल्या डेटोना बीच या गावी झाला. त्या रविवारी जॅकी रॉबिन्सन नावाचा सत्तावीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण गोऱ्यांच्या संघातून मैदानात उतरला.

क्रिकेटवर वाढलेल्या मला बेसबॉलची गोडी लागली ती उतारवयात, भाचीकडे ऑरलँडोला मुक्काम असताना. एका मार्चमध्ये तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन मी जवळच्या लेकलंडला डेट्रॉइट टायगर्सचा सराव सामना पाहायला गेलो. महायुद्धाची वर्षं सोडली तर १९३४ पासून हा संघ तिथंच सरावाला येतो. लेफ्ट फील्डच्या पलीकडे हिरवळीचा उतार आहे. त्यावर चादरी अंथरून कुटुंबंच्या कुटुंबं बसली होती. कुंपणापाशी मुलं चेंडू आणि पेन हातात धरून खेळाडूंच्या सह्यांसाठी ताटकळत होती. नातवाचा आवडता उद्योग म्हणजे खेळाडूंच्या पाठीवरचे क्रमांक वाचणं. एक्केचाळीस सापडला, त्रेचाळीस सापडला, पण बेचाळीस काही दिसेना. हा क्रमांक जॅकी रॉबिन्सनचा होता आणि १९९७ साली तो साऱ्या संघांनी मिळून निवृत्त केला, एवढं मी त्याला सांगितलं. तेवढ्यानं त्याचं समाधान होणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी काढली आणि डेटोना बीचचा रस्ता धरला. तास-सव्वा तासाच्या त्या वाटेवर जॅकीचं निम्मं आयुष्य सांगून झालं.

जॅकीचा जन्म ३१ जानेवारी १९१९ चा, जॉर्जिया राज्यातल्या कैरो गावचा. आईबाप दुसऱ्याच्या जमिनीवर बटाईनं राबणारे. बाप घर सोडून गेला आणि आई मॅली पाच लेकरांना घेऊन १९२० साली कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाला आली. गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, साफसफाई करून तिनं मुलं वाढवली. जॅकी सगळ्यात धाकटा. थोरल्या भावानं, मॅकनं, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये दोनशे मीटरच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवलं. त्याच्या पुढे फक्त जेसी ओवेन्स होता. हाच मॅक पुढे पॅसाडेनाचे रस्ते झाडण्याच्या कामावर दिसला. पदकानं काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे जॅकीला घरातच शिकायला मिळालं.

त्यानं लॉस एंजलिसच्या विद्यापीठात बेसबॉल, बास्केटबॉल, फुटबॉल आणि मैदानी स्पर्धा अशा चार खेळांत नाव कमावलं. १९४२ साली सैन्यात भरती होऊन पुढच्याच वर्षी तो सेकंड लेफ्टनंट झाला. जुलै १९४४ मध्ये टेक्सासमधल्या कॅम्प हूड या तळावर बसच्या चालकानं त्याला मागच्या बाकावर जायला फर्मावलं. लष्करी बसमध्ये असा भेद करायचा नाही, हा नियम त्याला ठाऊक होता. तो जागचा हलला नाही. प्रकरण थेट कोर्टमार्शलपर्यंत गेलं आणि तो निर्दोष सुटला. जॅकी स्वभावानं असा होता. अन्याय दिसला की उसळणारा, हक्क माहीत असलेला आणि तो बोलून दाखवणारा.

हा स्वभाव ध्यानात ठेवला तरच पुढची गोष्ट कळते. त्या काळी बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लेखी नियम कुठंच नव्हता, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सर्व मालकांनी तो मनोमन पाळला होता. कृष्णवर्णीयांच्या लीग वेगळ्या. १९४५ साली जॅकी तिथल्या कॅन्सस सिटी मोनार्क्स संघात होता. त्याच वर्षी २८ ऑगस्टला ब्रुकलिन डॉजर्स संघाचे सर्वेसर्वा ब्रँच रिकी यांनी त्याला भेटीला बोलावलं. रिकी धर्मनिष्ठ होते तसेच पक्के व्यवहारीही होते. भेदभाव त्यांना खुपत होता आणि कृष्णवर्णीय खेळाडूंमुळे सामने जिंकता येतील, प्रेक्षक वाढतील, हेही दिसत होतं.

ती भेट तीनेक तास चालली. रिकींनी त्याच्यासमोर चक्क नाटक केलं. खोली नाकारणारा हॉटेलातला कारकून, शिव्या देणारा प्रतिस्पर्धी, आईचा उद्धार करणारा प्रेक्षक अशा भूमिका ते एकामागून एक वठवत गेले. अट एकच होती: सुरुवातीच्या काळात कितीही अपमान झाला तरी हात उचलायचा नाही, उलट उत्तर द्यायचं नाही. जॅकीचा एक ठोसा सगळ्या कृष्णवर्णीय खेळाडूंना दार बंद करायला पुरेसा ठरला असता. जॅकीनं अट मान्य केली. आधी डॉजर्सच्या हाताखालच्या माँट्रियल रॉयल्स संघात त्याला एक वर्ष खेळवायचं ठरलं.

१० फेब्रुवारी १९४६ रोजी त्याचं रेचल इसमशी लग्न झालं. रेचल शिकलेली परिचारिका. महिनाअखेरीस नवं जोडपं सरावासाठी फ्लोरिडाला निघालं. निघताना सासूबाईंनी बुटांच्या खोक्यात तळलेली कोंबडी आणि उकडलेली अंडी बांधून दिली. शहरात वाढलेल्या सुनेला ते गावंढळ वाटलं, पण मोडवेना म्हणून तिनं घेतलं. मॅलीनं दक्षिण भोगली होती. सुनेला ती अजून पाहायची होती. न्यू ऑर्लिन्सला दोघांना विमानात जागा नाकारली गेली. तिथल्या कळकट खोलीत हेच खोकं उपयोगी पडलं. पुढे पेन्साकोलाला त्यांना पुन्हा विमानातून उतरवलं आणि ती जागा गोऱ्या प्रवाशांना दिली. शेवटी दोघं बसमध्ये बसली. जरा डोळा लागतो तोच चालकानं त्यांना उठवून मागच्या बाकावर पाठवलं.

पावणेदोन वर्षांपूर्वी याच हुकमाला नकार देऊन जॅकी कोर्टमार्शलला सामोरा गेला होता. या वेळी तो मुकाट्यानं उठला आणि मागे जाऊन बसला. अंधारात रेचल त्याला कळू न देता रडत राहिली. डेटोनाला पोचल्यावर हे सगळं सोडून परत जाण्याची भाषा त्यानं केली. सोबत असलेल्या दोन कृष्णवर्णीय पत्रकारांनी त्याची समजूत घातली.

तो उलटून का मारत नव्हता, असं नातवानं इथं मला विचारलं. नऊ वर्षांच्या मुलाला पडणारा हा प्रश्न मोठ्यांनाही पडायला हवा. घाबरून गप्प बसणारे पुष्कळ असतात. जॅकी घाबरणारा नव्हता, हे टेक्सासच्या बसमध्ये सिद्ध झालं होतं. त्यानं स्वतःचा राग जणू गहाण ठेवला होता, तोही आपल्यामागून येणाऱ्या आणि आपल्याला ठाऊकही नसलेल्या पोरांसाठी. शिवाय या करारात रेचलचाही वाटा होता. कागदावर सही मात्र एकाचीच होती.

आमच्या रस्त्यावर आधी सॅनफर्ड लागलं. माँट्रियलचा सराव प्रथम इथंच सुरू झाला होता. जॅकी आणि त्याचा कृष्णवर्णीय सहकारी, पिचर जॉन राइट, यांना दोनच दिवसांत गाव सोडावं लागलं. ते राहत होते त्या घरी गोऱ्यांनी धमकी पोचवली होती. पुढं डीलँड. तिथला सामना मैदानावरचे दिवे बिघडल्याचं सांगून रद्द करण्यात आला, आणि सामना होता भर दिवसा! जॅक्सनव्हिलला तर मैदानाच्या फाटकालाच कुलूप लावलं. एप्रिलमध्ये सॅनफर्डला संघ पुन्हा खेळायला गेला, तेव्हा सामना चालू असताना पोलीसप्रमुख मैदानात शिरला आणि त्यानं जॅकीला बाहेर काढायला लावलं. दर वेळी जॅकी ग्लोव्ह उचलून निघून आला.

डेटोना बीच मात्र उघडं राहिलं. मेरी मॅक्लाउड बेथ्यून या थोर शिक्षिकेनं १९०४ साली काढलेल्या मुलींच्या शाळेचं इथं महाविद्यालय झालं होतं. गावातले कृष्णवर्णीय मतदान करत होते, त्यांच्या शब्दाला थोडंफार वजन होतं. भेदभाव इथंही होता. गोरे खेळाडू हॉटेलात उतरले, जॅकी-रेचल जो हॅरिस नावाच्या कृष्णवर्णीय औषधविक्रेत्याच्या घरी. पण खेळायला बंदी नव्हती. १७ मार्चला सुमारे चार हजार लोक जमले. त्यांत हजारभर कृष्णवर्णीय होते, त्यांच्यासाठी राखलेल्या वेगळ्या जागेत दाटीवाटीनं बसलेले. रेचलही त्यांच्यातच. समोरचा संघ होता खुद्द ब्रुकलिन डॉजर्स. जॅकी बॅट घेऊन आला तेव्हा काही शेरे आले, पण टाळ्या त्याहून मोठ्या होत्या. खांदा दुखावलेल्या जॅकीला त्या दिवशी एकही हिट मिळाली नाही. तो खेळला, हीच त्या दिवसाची कमाई.

हे मैदान हॅलिफॅक्स नदीतल्या सिटी आयलंड या बेटावर आहे. त्याला आता जॅकीचंच नाव आहे आणि त्याचा पुतळाही तिथं उभा आहे. आम्ही गेलो त्या दिवशी सामना नव्हता. नदीवरून वारा येत होता. इतक्या छोट्या जागेत एवढी मोठी गोष्ट घडली यावर नातवाचा विश्वास बसेना.

पुढचं सारं वेगानं घडलं. १८ एप्रिल १९४६ रोजी जर्सी सिटीत माँट्रियलकडून पहिल्याच अधिकृत सामन्यात त्यानं चार हिट काढल्या, त्यांत एक होमरन. मोसमाअखेर .३४९ सरासरीनं तो लीगमध्ये अव्वल ठरला. १९४७ चा सराव रिकींनी मुद्दाम क्यूबात, हवानाला नेला. फ्लोरिडाचा अनुभव त्यांना पुन्हा नको होता. १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर पंचवीस हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर बेचाळीस क्रमांक मोठ्या लीगमध्ये उतरला. त्याच महिन्यात फिलाडेल्फियाच्या संघानं, व्यवस्थापकासकट, त्याच्यावर गलिच्छ शिव्यांचा मारा केला. खुनाच्या धमक्यांची पत्रं येत होती. हातातली बॅट हातातच ठेवून तो खेळत राहिला. वर्षअखेर सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा मान त्याला मिळाला.

१९४९ साली रिकींनी बंधन उठवलं. त्याच वर्षी .३४२ सरासरी आणि ३७ चोरलेले बेस यांच्या बळावर जॅकी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बेस चोरणं म्हणजे पिचरची नजर चुकवून पुढच्या टप्प्यावर धाव ठोकणं. यात त्याचा हात धरणारा विरळा. आता तो पंचांशी वाद घालू लागला, शिवीला उत्तर देऊ लागला. गप्प असताना त्याचं कौतुक करणारी काही वर्तमानपत्रं त्याला तापट म्हणू लागली. सोसणारा नायक सगळ्यांना आवडतो, बोलणारा गैरसोयीचा ठरतो. १९५५ साली ब्रुकलिननं वर्ल्ड सिरीज जिंकली, १९५६ च्या मोसमानंतर जॅकी निवृत्त झाला आणि १९६२ साली हॉल ऑफ फेममध्ये गेला. पण त्यानं आराम केला नाही. नागरी हक्कांच्या चळवळीसाठी तो निधी गोळा करत फिरला, राष्ट्राध्यक्षांना खरमरीत पत्रं लिहीत राहिला, १९६४ साली हार्लेममध्ये कृष्णवर्णीयांची बँक उभी करण्यात पुढे राहिला.

शरीर मात्र लवकर थकलं. मधुमेहानं डोळे जवळजवळ गेले. व्हिएतनामहून व्यसन घेऊन आलेला आणि त्यातून सावरलेला थोरला मुलगा १९७१ साली मोटार अपघातात गेला. १५ ऑक्टोबर १९७२ रोजी वर्ल्ड सिरीजच्या सामन्याआधी, पंचवीस वर्षांपूर्वीच्या पदार्पणाबद्दल, जॅकीचा सत्कार झाला. पांढऱ्या केसांच्या, दिसेनासं झालेल्या त्या माणसानं आभार मानले आणि एखादा कृष्णवर्णीय व्यवस्थापक बघायला मिळाला तर आनंद होईल, असंही सत्काराच्या माइकवर बोलून दाखवलं. नऊ दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, तो गेला. वय अवघं त्रेपन्न. त्याची इच्छा १९७५ साली क्लीव्हलँडच्या फ्रँक रॉबिन्सननं पुरी केली. रेचलनं १९७३ साली त्याच्या नावे प्रतिष्ठान काढलं आणि गरजू मुलांच्या शिक्षणाची सोय केली.

दर वर्षी १५ एप्रिलला सगळ्या संघांतले सगळे खेळाडू बेचाळीस क्रमांक लावून खेळतात. घरी मुलांना त्या आकड्याची गोष्ट सांगताना आपण बहुधा त्याच्या सोसण्यावर थांबतो. ते अर्धंच झालं. जॅकीचं मौन कराराचं होतं आणि त्याला मुदत होती. ती संपल्यावर तो मरेपर्यंत बोलत राहिला. फ्लोरिडाच्या त्या बसमध्ये गहाण ठेवलेला राग त्यानं पुढच्या पोरांची वाट मोकळी होताच सोडवून घेतला आणि त्यांच्याच कामी लावला.