ट्रकवाल्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरवणारा फ्रान्सिस डेव्हिस

बऱ्हाणपूर : केळीचा हंगाम जोरात असला की शाहपूर, इच्छापूर, रावेर या पट्ट्यातून भरलेल्या ट्रकांची रांग इंदूरच्या दिशेने निघते. आधी असीरगडची चढण, पुढे खंडव्याच्या पलीकडे भैरवघाट. आज विशीतला ड्रायव्हरही एका हाताने स्टेअरिंग फिरवत मोबाईलवर बोलतो (बोलू नये, पण बोलतो). हेच वळण त्याच्या आजोबांच्या काळात उभं राहून, दोन्ही हात आणि खांदा लावून घ्यावं लागे. जुन्या ड्रायव्हरांचे दंड बघा, कसरतीला जायची गरजच नव्हती. हा फरक ज्याच्यामुळे पडला त्या माणसाचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही. ते नाव फ्रान्सिस डब्ल्यू. डेव्हिस.

डेव्हिसचा जन्म 1887 चा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातला. हार्वर्ड विद्यापीठातून इंजिनिअरिंग शिकून तो बफेलो शहरातल्या पिअर्स-ॲरो कंपनीत लागला. ही कंपनी श्रीमंतांच्या मोटारींसाठी नावाजलेली होती, पण ट्रकही बनवायची. डेव्हिस ट्रक विभागात होता आणि पुढे तिथला मुख्य इंजिनिअर झाला. त्यामुळे ड्रायव्हरांची तक्रार त्याच्या कानावर रोजच पडणार. पुढच्या धुरीवर वजन वाढलं की चाक वळत नाही. त्यावर त्या काळचा इलाज म्हणजे स्टेअरिंगचं चाक मोठं करायचं आणि बॉक्समधले गिअर असे बसवायचे की जोर कमी लागेल. पण जोर कमी केला की फेरे वाढतात. हात पाच-सहा वेळा फिरवेपर्यंत वळण निघून जायचं. त्यात 1920 नंतर कमी हवेचे रुंद टायर आले. गाडी मऊ चालायला लागली आणि स्टेअरिंग आणखी जड झालं.

1922 च्या सुमारास डेव्हिसने चांगली पगाराची नोकरी सोडली. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वॉल्थम गावी लहानसं वर्कशॉप भाड्याने घेतलं आणि जॉर्ज जेसप नावाचा कसबी टूलमेकर सोबत घेतला. दोघं काही वर्षं खपले.

त्याने नेमकं काय केलं ते समजून घेऊ, कारण गंमत तिथेच आहे. तेलाच्या दाबाने काम करून घ्यायची कल्पना जुनी होती. पण आधीची रीत अशी की तेल टाकीत कायम दाबाखाली कोंडून ठेवायचं आणि गरज पडली की व्हॉल्व्ह उघडायचा. कायम दाब म्हणजे कायम गळती, शिवाय झटके. डेव्हिसने उलटं केलं. त्याचा व्हॉल्व्ह गाडी सरळ चालताना उघडाच असतो. इंजिनावर चालणारा पंप तेल ढकलतो, ते व्हॉल्व्हमधून फिरून आपल्या टाकीत परत येतं, दाब जवळजवळ नाहीच. ड्रायव्हरने स्टेअरिंग थोडं वळवलं की व्हॉल्व्ह किंचित सरकतो आणि परतीची वाट अरुंद होते. शेतात मोटारीच्या पाइपाचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाणी कसं जोर धरतं, तसंच. हा दाब पिस्टनच्या एका बाजूला पोचतो आणि पिस्टन चाकं वळवायला मदत करतो. जितकं वळायचं तितकं वळलं की व्हॉल्व्ह पुन्हा मधोमध येतो आणि दाब उतरतो. हात फक्त इशारा देतो, जोर तेलाचा. आपल्या कुंडी भंडाऱ्यात पाणी नुसत्या उतारावर चालतं. इथे अडवणुकीवर खेळ आहे.

ही यंत्रणा त्याने स्वतःच्या पिअर्स-ॲरो मोटारीला बसवली आणि डेट्रॉईटच्या कारखानदारांना चालवून दाखवली. 1926 मध्ये जनरल मोटर्सशी बोलणं जमलं. कॅडिलॅक गाडीत ती यायची होती. मग महामंदी आली. मागणी घटली, आणि यंत्रणा बनवायचा खर्च विक्रीतून निघणार नाही असा हिशेब करून कंपनीने काम थांबवलं. मी कॉमर्सचा माणूस, त्या हिशेबात मला चूक दिसत नाही. पण वहीत एक रकाना कमी होता. पेटंटची मुदत तेव्हा अमेरिकेत 17 वर्षांची होती. कंपनी थांबू शकत होती, डेव्हिसचं घड्याळ थांबत नव्हतं.

1936 मध्ये त्याने बेंडिक्स कंपनीशी करार केला. तिथेही मोटारवाल्यांची गिऱ्हाइकी फारशी आली नाही. युद्धाने चित्र बदललं. ब्रिटिश सैन्यासाठी शेवरलेने बनवलेल्या चिलखती गाड्या इतक्या जड की माणसाच्या हाताने वळवणं कठीण. डेव्हिसची पद्धत अशा हजारो लष्करी वाहनांत बसली आणि टिकली.

युद्धानंतर 1951 मध्ये क्रायसलरने इम्पीरिअल मोटारीत पावर स्टेअरिंग देऊन बाजारात पहिला नंबर मारला. त्यात डेव्हिसच्या ज्या पेटंटांचा आधार होता, त्यांची मुदत तोवर संपलेली होती. म्हणजे क्रायसलरला विचारायचीही गरज पडली नाही. तेव्हा जनरल मोटर्स जागी झाली आणि 1952 च्या कॅडिलॅकमध्ये तेच काम बाहेर काढलं, जे डेव्हिसने तिच्यासाठी जवळपास वीस वर्षांपूर्वी करून ठेवलं होतं. 1978 मध्ये, नव्वदी गाठून डेव्हिस गेला. तोवर अमेरिकेत साध्या मोटारींतही पावर स्टेअरिंग नेहमीचं झालं होतं.

आपल्याकडे हे उशिरा आलं. पुण्याजवळ वढू बुद्रुकला झेडएफ स्टेअरिंग गिअर कंपनीचा कारखाना आहे. 1981 मध्ये स्थापन झालेली ही कंपनी ट्रक, बस, ट्रॅक्टरची स्टेअरिंगं बनवते. नव्या कारमध्ये आता तेलाऐवजी विजेची मोटर असते, पण जड गाड्यांत अजून बहुतेक ठिकाणी डेव्हिसचंच तेल फिरतं.

आणि म्हणूनच एक गोष्ट. घाट उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करण्याची सवय काही जणांना अजून आहे. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पंप बंद म्हणजे दाब नाही. स्टेअरिंग तुटत नाही, चाकांशी जोडलेलंच राहतं, पण भरल्या ट्रकचं सगळं वजन एकदम हातावर येतं, तेही वळणावर. एअर ब्रेकचा कॉम्प्रेसरही त्याच इंजिनावर चालतो. तेल कमी झालं किंवा पट्टा ढिला पडला तरी थोडं असंच होतं. वळवताना पंप घुं-घुं करायला लागला की मिस्त्रीकडे न्यावं. आणि स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवून तसंच धरून ठेवू नये, तेव्हा दाब सर्वात जास्त असतो आणि तेल तापतं.