बेडकाला विजार शिवणारा पाद्री

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की रत्नागिरीच्या सड्यावरची डबकी आणि भाताची खाचरे रातोरात जागी होतात. पिवळेधमक झालेले नर डराव डराव करून माद्यांना बोलावतात, त्यांच्या पाठीवर बसून घट्ट मिठी मारतात आणि सकाळी पाण्यावर भिजवलेल्या साबुदाण्यासारखी अंडी तरंगताना दिसतात. युरोपात हाच प्रकार हिवाळा सरताना, वसंताच्या तोंडावर, बागेतल्या तळ्यांमध्ये घडतो. अडीचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका पाद्र्याने तो बारकाईने पाहिला. त्याचे नाव लाझारो स्पालान्झानी. वंध्यत्वावर आज जे उपचार होतात, त्यांची एक वाट त्याच्या बेडकांपर्यंत मागे जाते.

स्पालान्झानीचा जन्म 1729 मध्ये उत्तर इटलीतील स्कांदियानो गावी झाला. वडील वकील होते आणि मुलानेही वकीलच व्हावे अशी त्यांची इच्छा. तो कायदा शिकायला बोलोन्याला गेला. तेथील विद्यापीठात त्याची नातलग लॉरा बासी भौतिकशास्त्राची प्राध्यापक होती. त्या काळात एका स्त्रीने विद्यापीठात शिकवणे ही फार दुर्मीळ गोष्ट होती. तिच्या सहवासात तो विज्ञानाकडे वळला आणि कायदा सुटला. पुढे त्याने धर्मदीक्षा घेतली, पण आयुष्य गेले ते प्रयोगशाळेत. 1769 पासून अखेरपर्यंत तो पाव्हिया विद्यापीठात शिकवत होता.

कोणतीही गोष्ट करून पाहिल्याशिवाय मान्य करायची नाही, हा त्याचा स्वभाव. मांसाच्या रश्शात सूक्ष्मजीव आपोआप निर्माण होतात, असे तेव्हा अनेक विद्वान मानत. याने रस्सा काचपात्रात बंद करून बराच वेळ उकळला आणि त्यात काहीही वाढत नाही, हे 1765 मध्ये प्रसिद्ध केले. पाश्चरच्या जवळजवळ शंभर वर्षे आधीची ही गोष्ट. पचन कसे होते हे समजावे म्हणून तो अन्न भरलेल्या कापडी पिशव्या आणि भोके पाडलेल्या लाकडी नळ्या स्वतः गिळत असे. जठरातला रस अन्न विरघळवतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

बेडकांकडे तो वळला त्याला कारण होते. माणसात किंवा गाई-म्हशींत गर्भधारणा शरीराच्या आत होते, डोळ्यांना दिसत नाही. बेडकाची मादी मात्र अंडी पाण्यात सोडते, म्हणजे सारे उघड्यावर घडते. मग या कामात नराचा वाटा नेमका कोणता? नराच्या द्रवातून निघणारी एक प्रकारची वाफ अंड्याला जिवंत करते, असेही एक मत तेव्हा प्रचलित होते.

स्पालान्झानीने मेण लावलेल्या रेशमी कापडाच्या घट्ट विजारी शिवून नर बेडकांना घातल्या. नरांनी नेहमीप्रमाणे माद्यांना मिठी मारली, माद्यांनी अंडी सोडली, पण त्यांतून एकही पिल्लू निघाले नाही. अंडी नुसती कुजली. मग विजारीत साठलेल्या द्रवाचे थेंब त्याने दुसऱ्या ताज्या अंड्यांना लावले, तेव्हा त्यांतून शेपटीवाली पिल्ले निघाली. द्रवाच्या वर अंडी टांगून फक्त वाफ लागू दिली, तर काहीच होत नव्हते. प्रत्यक्ष स्पर्श हवाच होता.

मग त्याने तो द्रव गाळणकागदातून गाळला. गाळून खाली आलेल्या द्रवाची शक्ती कमी होत गेली. कागदावर उरलेला भाग पाण्यात मिसळला, तर अंडी फळत होती. म्हणजे शुक्राणूच काम करतात हा पुरावा त्याच्या हातात होता. तरीही सगळा जीव आधीपासून अंड्यातच असतो, या मताला तो चिकटून राहिला आणि शुक्राणूंना त्याने द्रवात राहणारे परोपजीवी ठरवले. त्याच्याच पद्धतीने पुढे जाऊन 1824 मध्ये प्रेव्हो आणि द्युमा या दोघांनी शुक्राणूंचे काम दाखवून दिले.

1780 च्या सुमारास त्याने पिचकारीने एका कुत्रीत कृत्रिम रेतन केले आणि 62 दिवसांनी तिला तीन पिल्ले झाली. आज आपल्या गोठ्यातल्या गाई-म्हशींना हेच रेतन केले जाते. शरीराबाहेर बीज फळवण्याचे काम माणसात यशस्वी व्हायला 1978 उजाडले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूच्या प्रयत्नांतून 1986 मध्ये असे बाळ जन्मले.

मूत्राशयाच्या जुन्या दुखण्याने ग्रासलेला स्पालान्झानी 1799 मध्ये पाव्हियात वारला. त्याचे मूत्राशय तिथल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात जपून ठेवले आहे.

बेडकांच्या तळ्यात त्याने जे दाखवले, ते आपल्या घरांत अजून पुरते पोहोचलेले नाही. मूल होत नाही म्हणून ओपीडीत येते ती बहुधा सून, सोबत सासू. सुनेच्या सोनोग्राफी आणि रक्ततपासण्यांची जाड फाइल असते. नवऱ्याची एकही तपासणी झालेली नसते. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण असते, एकटे किंवा पत्नीकडच्या कारणाच्या जोडीने. तरी दोष, उपास आणि नवस मात्र तिच्या वाट्याला येतात.

एक वर्ष नियमित संबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी एकत्र डॉक्टरकडे जावे. पत्नीचे वय 35 च्या पुढे असेल, तर सहा महिन्यांतच जावे. वीर्यतपासणी सुरुवातीलाच करावी. ती स्वस्त आहे, त्यात सुई टोचावी लागत नाही. आधी दोन ते सात दिवस संबंध टाळावा आणि नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवावा. अहवालात दोष आला, तर तपासणी पुन्हा करून खात्री करावी. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. त्यामुळे तंबाखू, दारू आणि शरीर कमावण्यासाठी घेतलेली संप्रेरकांची इंजेक्शने बंद केल्याचा फायदा दिसायलाही निदान तेवढा वेळ द्यावा.