धर्मानंदांची झोळी आणि आपली बॅग

आपल्या वस्त्यांमधून आता परदेशी जाणारी मुले-मुली निघू लागली आहेत. कुणी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर जातो, कुणी केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीवर, तर कुणी आईचे दागिने मोडून आणि बँकेचे कर्ज काढून. पाठीवर बॅग, खिशात मोजके पैसे, एका खोलीत चौघे. दिवसा वर्ग, रात्री कुठल्या तरी हॉटेलात भांडी घासायची आणि उरलेल्या वेळात नोकरीसाठी अर्ज करायचे. फोनवर आईला मात्र सगळे छान आहे म्हणून सांगायचे. निघताना आपण त्यांचा सत्कार करतो, शाल घालतो, फोटो काढतो. बाबासाहेबांनी लंडनमध्ये अर्धपोटी राहून केलेला अभ्यास आपण त्यांना सांगतो, आणि तो सांगितलाच पाहिजे. पण त्याच काळात आणखी एक मराठी माणूस रिकाम्या खिशाने देशोदेशी फिरला. त्याची कथा आपल्या घरात फारशी सांगितली जात नाही. तो माणूस म्हणजे धर्मानंद कोसंबी. ही कथा सांगितली पाहिजे आणि डोळे उघडे ठेवून सांगितली पाहिजे.

धर्मानंदांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 चा, पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातील साखवाळ गावचा. घर सारस्वत ब्राह्मणाचे, उपजीविका नारळाच्या बागेवर. पद्धतशीर शालेय शिक्षण जवळजवळ नाही. पंधराव्या वर्षाच्या आसपास बाळाबाईंशी लग्न झाले. 1897 च्या सुमारास मुलांच्या एका मराठी मासिकात त्यांनी तथागत बुद्धांचे छोटेसे चरित्र वाचले आणि त्या चार पानांनी हा तरुण पेटून उठला. बुद्ध काय शिकवतात ते मुळातून शिकायचे, एवढा एकच ध्यास त्याने घेतला. येथे आपल्याला साहजिकच दुसरा प्रसंग आठवतो. 1907 साली मॅट्रिक झालेल्या भीमरावांच्या हाती कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी आपले मराठी बुद्धचरित्र ठेवले होते. एका मासिकाची चार पाने आणि एक मराठी पुस्तक, आणि दोन आयुष्यांची दिशा ठरली!

1899 च्या अखेरीस धर्मानंदांनी घर सोडले. मागे बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक. प्रथम पुणे. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा आधार मिळाला. पुढे ग्वाल्हेर, तेथून काशी. काशीत संस्कृत शिकताना ते अन्नछत्रात जेवले. या अन्नछत्रांमुळेच एक पैसाही जवळ नसलेला विद्यार्थी तेथे तग धरू शकला. मात्र त्या पंगतीत बसण्यासाठी ब्राह्मण असावे लागे.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. गरिबी धर्मानंदांचीही होती आणि आपल्या बापजाद्यांचीही होती. पण धर्मानंदांच्या गरिबीजवळ जातीचा परवाना होता. त्या परवान्यावर काशीत फुकट जेवण मिळे, शास्त्र्यांच्या ओसरीवर पाठ मिळे, प्रवासात कुणाच्या तरी घरी पथारी पसरता येई. त्या दिवसांत एखादा महार, मांग वा चांभार तरुण हाच ध्यास घेऊन काशीला गेला असता तर त्याला संस्कृत कुणी शिकवले असते? खुद्द बाबासाहेबांना एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली, हा इतिहास आहे. धर्मानंदांचे कष्ट यामुळे खोटे ठरत नाहीत. पण जिद्द असली की वाट सापडते, हे वाक्य आपल्या मुलांना ऐकवताना वाटेवरच्या दारांवर कोण उभे होते, तेही सांगावे लागते.

1902 मध्ये धर्मानंद नेपाळला गेले. बुद्धांच्या जन्मभूमीच्या परिसरात बौद्ध धम्म जिवंत सापडेल, ही त्यांची आशा. पदरी निराशा आली. तेथून ते बुद्धगयेला आले. बुद्धांची शिकवण मूळ पालीतून शिकायची तर सिंहलद्वीपाला जायला हवे, हे तेथे कळले. मग कलकत्ता, आणि त्याच वर्षी सिंहलद्वीप, म्हणजे आजची श्रीलंका. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महाथेरांच्या हाताखाली ते पाली शिकले आणि श्रामणेर झाले. तेथला आहार मानवेना, प्रकृती ढासळली, म्हणून मद्रासला परतले. तेथे सिंगारवेलू आणि प्रा. लक्ष्मी नरसू यांच्या बौद्ध वर्तुळाशी त्यांचा संबंध आला. याच नरसूंच्या बौद्ध धम्मावरील इंग्रजी ग्रंथाच्या 1948 च्या आवृत्तीला बाबासाहेबांनी प्रस्तावना लिहिली आहे. 1904 मध्ये ब्रह्मदेश. तेथे भिक्खू होऊन त्यांनी ध्यानाचा अभ्यास केला. सगाईंगच्या डोंगरात न्याणतिलोक हे जर्मन भिक्खू त्यांच्या सोबतीला होते. गोव्याचा एक तरुण आणि जर्मनीचा एक तरुण, दोघांचीही घरे हजारो मैल दूर, आणि दोघांनाही जोडणारी भाषा बुद्धांची! त्यानंतर कुशीनारा, सारनाथ, बुद्धगया अशी बौद्ध स्थळांची यात्रा. कोठे पायी, कोठे कुणीतरी तिकीट काढून दिलेले.

सुमारे सहा वर्षे अशी भटकंती झाली. एवढे शिकून आता करायचे काय? आजच्या प्रत्येक सुशिक्षित बेकाराचा हाच प्रश्न आहे. पालीला तेव्हा बाजारात काय किंमत होती? 1906 मध्ये चीवर उतरवून धर्मानंद कलकत्त्यात राहिले. नॅशनल कॉलेजात पाली शिकवण्याचे काम मिळाले, पुढे कलकत्ता विद्यापीठातही जागा मिळाली. पगार बरा होता, मानही होता. पण त्यांना पाली महाराष्ट्रात न्यायची होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महाराष्ट्रात राहून ग्रंथ लिहावेत म्हणून दरमहा 50 रुपये देऊ केले. कलकत्त्याचा पगार त्याच्या कितीतरी पट होता. धर्मानंदांनी 50 रुपये पत्करले आणि 1908 मध्ये कलकत्ता सोडले.

याच सयाजीरावांनी 1913 मध्ये बाबासाहेबांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवले. राजा एक, संस्थान एक, मदत दोघांनाही. पण 1917 मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडनहून परतलेले बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्यात आले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. महाराजांचा हुकूम शिष्यवृत्तीपर्यंत चालला, धर्मशाळेच्या दारापर्यंत चालला नाही. काम शोधणारे दोन विद्वान, पण एकाला किती पगारावर राहावे हे निवडता आले आणि दुसऱ्याला रात्री कोठे झोपावे हेही निवडता आले नाही. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून वाचल्याशिवाय या देशातल्या गुणवत्तेचा इतिहास पुरा होत नाही.

1910 मध्ये धर्मानंद अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. प्रा. जेम्स वुड्स यांच्यामुळे ही संधी आली. वॉरन या विद्वानाने 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाचे संपादन हाती घेतले होते आणि ते अपुरे ठेवून त्यांचे निधन झाले होते. ते पुरे करण्याचे काम धर्मानंदांकडे आले. पण श्रमाचे श्रेय कुणाचे, यावरून प्रा. लॅनमन यांच्याशी त्यांचा वाद झाला. केलेल्या कामावर आपले नाव हवे, एवढीच त्यांची मागणी. परक्या देशात, दुसऱ्याच्या पगारावर असतानाही ते वाकले नाहीत. 1912 मध्ये काम सोडून परत आले. पुढे त्याच कामासाठी ते पुन्हा पुन्हा हार्वर्डला गेले. ती आवृत्ती अखेर 1950 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी निघाली, आणि तिच्यावर त्यांचे नाव आहे. मात्र त्यांनी वाट पाहिली नव्हती. 1940 मध्येच त्यांनी आपली देवनागरी आवृत्ती मुंबईतून प्रसिद्ध केली होती. वकील म्हणून परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हेच सांगेन : पोटासाठी काम करा, हलके काम करायला लाजू नका, पण काय काम, किती मोबदला आणि नाव कुणाचे हे कागदावर घ्या. मोठ्या माणसाच्या शब्दावर विसंबून केलेल्या श्रमाचे श्रेय मिळायला आयुष्य पुरत नाही.

परतल्यावर 1912 ते 1918 त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. त्यांच्या हाताखाली पु. वि. बापट, चि. वि. राजवाडे असे पालीचे जाणकार तयार झाले. पुढे गुजरात विद्यापीठ, 1929 मध्ये लेनिनग्राड, मिठाचा सत्याग्रह, तुरुंगवास. त्यांची वाट गांधींच्या वर्तुळातून गेली आणि ती आपली वाट नव्हती, हे स्पष्ट सांगायला हवे. 1937 मध्ये परळच्या गिरणगावात त्यांनी बहुजन विहार सुरू केला. कष्टकऱ्यांमध्ये धम्म न्यावा ही तळमळ खरी होती. पण इमारतीचा पैसा बिर्लांचा होता. येवल्याच्या 1935 च्या घोषणेनंतर स्वतःच्या पायावर उभा राहू पाहणारा समाज शेठजींच्या पैशाने उभ्या राहिलेल्या विहाराला आपले घर कसे मानील? दोन वर्षांत धर्मानंदांनी तो विहार सोडला. अखेर सेवाग्राम येथे अन्नत्याग करून 4 जून 1947 रोजी त्यांनी देह ठेवला. तथागतांचा मध्यम मार्ग मानणाऱ्याला हा शेवट पटणारा नाही.

तरीही त्यांचे ऋण मोठे आहे. चार दृश्ये पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही दंतकथा त्यांनी नाकारली आणि शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याकडे बोट दाखवले. 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनीही गृहत्यागाचे कारण रोहिणीच्या पाण्यातच दाखवले आहे. 2024 मध्ये पालीला मराठीबरोबरच अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आज आपल्या मुली पाली घेऊन पदवी मिळवतात, त्या वाटेवर सुरुवातीला चाललेल्या पावलांत धर्मानंदांची पावले आहेत.

आणि बाळाबाई? नवरा देशोदेशी ज्ञान वेचत होता तेव्हा गोव्यात लेकरू सांभाळत त्या वाट पाहत राहिल्या. आपल्याकडे रमाईने शेणाच्या गोवऱ्या थापल्या. एकाच्या प्रवासखर्चातला मोठा हिस्सा घरातली बाई भरते, तो कुठल्याच हिशेबात येत नाही.

तेव्हा बॅग भरणाऱ्या मुला-मुलींनो, धर्मानंदांकडून रिकाम्या खिशाने शिकण्याची हिंमत घ्या, श्रमाचे नाव मागण्याचा ताठा घ्या, आणि मोठा पगार सोडून आपल्या माणसांत परतण्याची ओढ घ्या. त्यांच्याजवळचा जातीचा परवाना तुमच्याकडे नाही. तुमच्याकडे आहे संविधान आणि बाबासाहेबांनी उघडलेली दारे. नोकरी मिळाली की पहिल्या पगारातून घरच्या आईची उधारी फेडा. दुसऱ्या पगारातून वस्तीतल्या पुढच्या मुलाच्या पासपोर्टची फी भरा.

जयभीम.