क्रिकेटवीर बाळू पालवणकर

गुणांची पारख होण्यास वेळ लागतो. परंतु पारख झाल्यावरही गुणवंताला योग्य मान मिळतोच असे नाही. या सत्याचा प्रत्यय बाळू पालवणकर यांच्या चरित्रात पदोपदी येतो.

बाळूंचा जन्म १८७६ साली, आपल्या बेळगावाहून फार दूर नसलेल्या धारवाडात, एका चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्करी नोकरीत होते. पुण्यास आल्यावर गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू व त्यांचे बंधू शिवराम क्रिकेट शिकले. पारशी मंडळींच्या क्लबात खेळपट्टी झाडणे व रोलर ओढणे या कामासाठी बाळूंना महिना तीन रुपये मिळत. पुढे इंग्रजांच्या पूना क्लबात चार रुपये मिळू लागले. तेथे ग्रेग नावाच्या नामांकित फलंदाजास ते तासन् तास चेंडू टाकीत. आपणास बाद केल्यास ग्रेग त्यांना आठ आणे बक्षीस देत असत, असे सांगतात. मात्र बाळूंच्या हाती बॅट कोणी दिली नाही. डावखुऱ्या हाताची त्यांची अचूक फिरकी या कष्टातूनच सिद्ध झाली.

पुण्याच्या हिंदू संघात त्यांना घ्यावे की नाही, यावर मोठा वाद झाला. अखेर त्यांना संघात घेतले. पण मैदानावर ज्यांनी फेकलेला चेंडू सहकारी आनंदाने झेलीत, त्यांनाच चहा मात्र मंडपाबाहेर मातीच्या पात्रातून दिला जाई. बाळूंनी याचे उत्तर आपल्या चेंडूने दिले. मुंबईस गेल्यावर १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. त्या विजयात पालवणकर बंधूंचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघास अपयशच अधिक आले, तरीही बाळूंनी एकट्याने शंभराहून अधिक बळी घेतले.

इतके करूनही कर्णधारपद त्यांच्या वाट्यास आले नाही. १९२० साली त्यांना संघातून वगळले गेले, तेव्हा विठ्ठल व शिवराम या धाकट्या बंधूंनी निषेध म्हणून स्वतःही खेळण्यास नकार दिला. लोकमताचा दाब वाढला आणि बाळूंना उपकर्णधार म्हणून सन्मानाने परत बोलावण्यात आले. पुढे १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. थोरल्या भावाने नांगरलेल्या शेतात धाकट्याने पीक पाहिले.

१९३२ च्या पुणे करारावर बाळूंचीही सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. १९५५ साली मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थीमित्रहो, बाळूंच्या चिकाटीचे कौतुक आपण अवश्य करावे. परंतु मंडपाबाहेरचे ते मातीचे पात्रही विसरू नये. चांगले खेळणे हे खेळाडूचे कर्तव्य होय. त्याला आपल्या पंक्तीस बसविणे हे इतरांचे.