पगार सोडलेले पाळक : नारायण वामन टिळक

मीरा-भाईंदर येथील आमच्या एका लहानशा मंडळीत नुकतेच रे. टिळकांचे एक भजन गाइले गेले. उपासना आटोपल्यावर, तरुणपणी मिठागरांत मजुरी केलेल्या एका वृद्ध बंधूंनी आम्हांस विचारिले की, हे टिळक मिशनात किती पगारावर होते? काही तरुण हसले. आम्हांस हसू आले नाही. कारण आम्हीही पगारावरच सेवा करितो, आणि टिळकांच्या चरित्राचे मर्म त्या प्रश्नातच आहे.

नारायण वामन टिळक ह्यांचा जन्म १८६१ साली कोकणात करजगाव येथे ब्राह्मण कुळात झाला. बाळपणीच मातृवियोग घडला. नाशिकास त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले, व पुढे नागपुरास श्रीमंत आप्पासाहेब बुटी ह्यांचा आश्रय त्यांस लाभला. परंतु एका ठिकाणी ते फार दिवस टिकत नसत. स्वभाव तापट; नोकरी धरावी आणि सोडावी. ह्या धरसोडीस कोणी वैराग्य म्हणत असल्यास ते आम्हांस मान्य नाही. वैराग्य पुष्कळ पुढे आले.

आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांस नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन धरून ठेविले, आणि ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. जात गेली, आप्त गेले. पत्नी लक्ष्मीबाई व लहानगा दत्तू ह्यांचा वियोग काही वर्षे सोसावा लागला. पुढे लक्ष्मीबाई परत आल्या, व १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

अहमदनगरास टिळक उपदेशकांच्या शाळेत शिकवीत, कीर्तने करीत, ‘ज्ञानोदया’चे मराठी संपादन पाहत. फुलामुलांचे कवी म्हणून हिंदू लोकही त्यांस मानू लागले. पाळकाची दीक्षा, ठरलेले वेतन, कवी म्हणून कीर्ती, सर्व काही होते. अशा वेळी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, १९१७ साली, त्यांनी मिशनाची नोकरी सोडिली.

मिशनाशी वैर धरून त्यांनी हे केले नाही. आपण परदेशी पैशावर आहो तोवर आपले देशबांधव आपणांस चाकर समजतील, आणि ख्रिस्ताचा शब्द त्यांस पगारी माणसाचा शब्द वाटेल, ही त्यांची तळमळ होती. वाचकहो, आमच्यापैकी कोणत्या उपदेशकास गावच्या पारावर हा टोमणा ऐकावा लागला नाही?

ते साताऱ्यास गेले. संन्यास घेतला, परंतु घर टाकिले नाही. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांस एकत्र आणून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारिला. बाप्तिस्म्यावाचूनचे शिष्य ही गोष्ट कित्येक ख्रिस्ती बंधूंस रुचली नाही. पैसा सोडणे सोपे म्हणावे, इतके आपल्याच मंडळीतील नाव पणास लावणे कठीण असते. टिळकांनी तेही पणास लाविले. दरबाराची कल्पना सर्वांशी बिनचूक होती असे आम्ही म्हणत नाही. पाळक ह्या नात्याने आम्हांसही तेथे शंका येते.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. संन्यास पतीने घेतला, पण चूल लक्ष्मीबाईंस पेटवावी लागे. घरातील वस्तू मागेल त्यास देऊन टाकणाऱ्या पतीबरोबर संसार कसा केला, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ ह्या ग्रंथात हसतहसत लिहून ठेविले आहे. तो वाचिला म्हणजे ह्या त्यागाचा अर्धा वाटा कोणाचा होता ते कळते.

साताऱ्याचे दिवस थोडेच ठरले. ता. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत प्रभूकडे गेले. नोकरी सोडून दोन वर्षेही पुरती लोटली नव्हती. ख्रिस्ताचे चरित्र गाणारे ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरेच राहिले होते. माहेरी शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढे ते पूर्ण केले.