नाडीची रेघ वाचणारे डॉ. महोमेद

नाडीपरीक्षा आपल्याकडील वैद्यांस फार प्राचीन काळापासून अवगत आहे. परंतु त्या नाडीची रेघ कागदावर उतरवून रोगाचा माग काढणारे डॉ. फ्रेडरिक अकबर महोमेद वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध असूनही आमच्या विद्यार्थ्यांस बहुधा अपरिचित असतील. त्यांचे आजोबा दीन महोमेद मूळचे पाटण्याचे. इंग्लंडात ब्रायटन शहरी त्यांनी वाफेची स्नानगृहे चालविली. (आपल्या चंपीपासून निघालेला शांपू हा शब्द तिकडे रूढ होण्यास तेच बव्हंशी कारण झाले, ही मौज होय.)

नातवाचा जन्म १८४९ सालचा. लंडनच्या गाईज रुग्णालयात शिकत असता त्यांच्या हाती फ्रेंच शास्त्रज्ञ मारे यांचे नाडीलेखक यंत्र आले. मनगटाच्या धमनीवर स्प्रिंग टेकवावयाची, म्हणजे तिला जोडलेली दांडी काजळी धरलेल्या कागदावर नाडीची लाट रेखीत असे. स्प्रिंगचा दाब मोजण्याची सोय त्यांनी विद्यार्थिदशेतच करून १८७२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. रक्ताचा दाब वाढलेल्या माणसाच्या लाटेस माथ्याजवळ दुसरा फुगवटा येतो, हे त्यांनी हेरले. त्याचे कारण आज ठाऊक आहे. हृदयाने लोटलेली लाट दूरच्या शाखांवरून परतते. धमन्या ताठर झाल्या की ती लवकर परतते, आणि अजून रक्त लोटीत असलेल्या हृदयास अधिक जोर करावा लागतो.

मूत्रपिंड बिघडल्यावर हृदय वाढते, अशी त्या काळी वैद्यांची समजूत होती. महोमेदांनी हा क्रम उलटा मांडिला. स्कार्लेट ज्वराच्या रोग्यांत लघवीत दोष दिसण्यापूर्वीच नाडी ताठ होते, असे त्यांस आढळले. पुढे तर मूत्रपिंड निर्दोष असलेल्या, धडधाकट दिसणाऱ्या माणसांतही त्यांस तोच दाब सापडला. तो वर्षानुवर्षे मुकाट्याने हृदय, मेंदू व मूत्रपिंड यांची नासाडी करितो, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन. आमच्या मते, दुखणे जाणवण्यापूर्वी ते शोधावयाचे, ही दृष्टी त्यांच्या यंत्राहूनही मोलाची होती.

१८८४ च्या नोव्हेंबरात विषमज्वराने ते वारले. वय अवघे पस्तीस. १८९६ मध्ये इटलीच्या रिवा-रोची यांनी दंडाला बांधावयाची पट्टी काढिली. दाबाचा आकडा सहज मिळू लागताच रेघ मागे पडली, ती विसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा वर आली. आता मनगटावरील लाटेवरून हृदयालगतच्या महाधमनीतील दाबाचा अंदाज यंत्रे करितात, आणि त्यांच्या पडद्यावर महोमेदांनी काजळीत पाहिलेला तोच फुगवटा उमटतो.